ताणलेला दोरा

तिसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास तुळसीच्या साडीचा काठ गुरुराजच्या तोंडाखालून गेला, आणि तो सरळ होता.

गुरुराज पालथा होता. छाती बाकावर, डोकं बाकाच्या टोकाबाहेर, कपाळ बाकाच्या टोकाला बांधलेल्या, टॉवेल गुंडाळून केलेल्या कड्यावर, आणि खाली दीड हातावर घरातला लाल कोबा. शनिवारपासून त्याचं जग एवढंच होतं. उजव्या डोळ्यावर भोकं पाडलेली पत्र्याची वाटी चिकटपट्टीनं बसवली होती आणि आत डोळ्यात वायूचा एक बुडबुडा होता. बुडबुडा वर चढतो, म्हणून तोंड खाली ठेवायचं. तोंड खाली असलं की डोळ्याचा मागचा पडदा वर येतो आणि बुडबुडा नेमका तिथे दाबून बसतो. डॉक्टर चंद्रमौळींनी हे सांगताना टेबलावरची पाण्याची बाटली आडवी-उभी करून दाखवली होती. तासातली पन्नास मिनिटं तोंड खाली, दहा मिनिटं जेवणाखाण्याला आणि न्हाणीघराला. असे सात दिवस. उताणं झोपायचं नाही. डावा डोळा उघडाच होता, पण तो कुणी हिशेबात धरत नव्हतं. एकोणनव्वद साली मद्रासला त्या डोळ्यातल्या गळक्या शिरा लेसरनं जाळल्या होत्या आणि शिरांबरोबर नजरेचा मधला भागही जळला होता. त्या डोळ्यानं समोर पाहिलं की मध्ये भोक दिसायचं, माणसाच्या तोंडाएवढं, राखाडी. भोवतीचं मात्र दिसायचं. भोवतीचं त्याच्या काही कामाचं नव्हतं. तो तिरुभुवनमच्या एका लहानशा विणकर सोसायटीत एकतीस वर्षं रेशमी साड्या तपासत होता आणि तपासणारा माणूस मध्ये पाहतो.

तर तो काठ. आज द्वादशी, काल दोघांचा उपास होता, आज पारणं लवकर. म्हणून त्याची बायको तुळसी न्हाऊन, स्वयंपाकाला रेशमी, मडीचं म्हणजे सोवळ्याचं नेसून वावरत होती. स्वयंपाकघरातून देवघराकडे जाताना ती त्याच्या डोक्याजवळून गेली. सवयीनं त्यानं उजव्या डोळ्यानं पाहायला मान हलवली, उजवीकडे पत्रा होता, आणि डाव्या डोळ्यातल्या भोकाच्या कडेला, नको तिथे, एक हात लांबीचा काठ लख्ख दिसला. पोपटी अंग, लाखी काठ, काठात दोन रेघांमध्ये रुद्राक्षांची ओळ, आणि अंग व काठ जिथे जोडले जातात तिथे देवळाच्या शिखरासारखे दाते. तो सांधा घोट्याजवळून निघून मागे गेला तेव्हा लाल कोब्याच्या कडेचा काळा पट्टा त्याच्या मागे होता, आणि दोन्ही एकमेकांना धरून गेले. कुठेही पोट नव्हतं. कुठेही लाट नव्हती.

"अगे," तो जमिनीला म्हणाला, "कोणतें लुगडें नेसलीस?"

पावलं थांबली. तिच्या डाव्या पायाच्या अंगठ्याशेजारचं जोडवं त्याला दिसत होतं.

"जुनेंच. मडीचें."

"जुनें फाटलें होतें ना?"

"शिवलें. तुम्ही बोलूं नका, मान दुखेल. कॉफी आणूं? नळी लावून देतें."

ती गेली. बाहेर तमिळ आणि उंबऱ्याच्या आत ही मराठी, असं त्यांचं, मराठी मुलखापासून सहाशे मैलांवर तमिळ देशात तीनशे वर्षं टिकलेलं घर होतं. पुण्याहून एकदा आलेला एक पाहुणा म्हणाला होता की तुम्ही बोलता ते पोथीतलं वाटतं. पोथीतल्या भाषेतही खोटं बोलता येतं. त्या काठाच्या साड्या जगात तीनच होत्या. आलेखाच्या कागदावर तो रुद्राक्ष गुरुराजनं स्वतः चौकडी चौकडी भरून काढला होता, तो एकाच विणकराला दिला होता, त्या विणकरानं तीन साड्या विणल्या होत्या आणि तिन्ही गुरुराजनं नाकारल्या होत्या. सांधा वाकडा म्हणून.

त्याचं नाव त्यागराज. सौराष्ट्री विणकर, साठीला टेकलेला, खड्डामागावर बसणारा. काठाचा आणि अंगाचा रंग वेगळा असला की तीन धोटे लागतात. दोन तो टाकी, तिसरा पलीकडून त्याची बायको सुब्बलक्ष्मी. एक हात जरा लवकर पडला की सांध्यात गाठ येते, जरा उशिरा पडला की भोक. चाळीस वर्षं ती दोघं न बोलता, एकमेकांच्या हातांकडे न बघता धोटे टाकत होती. गुरुराजला हे माहीत होतं. त्यागराजच्या साडीचा सांधा तपासायची खरं तर गरज नाही, असं तो नव्या कारकुनांना सांगत असे, आणि मग तपासत असे. पहिली साडी त्यानं गेल्या जूनमध्ये परत केली. दुसरी जुलैमध्ये. त्या दोन महिन्यांत इतरांच्याही सात परत केल्या होत्या. सेक्रेटरी हनुमंतराव हसून म्हणाला होता, "सार, तुमचा डोळा आता नको इतका तिखट झालाय. रिटायर व्हायच्या आधी सगळे माग बंद करून जाणार काय?" गुरुराजला ते आवडलं होतं. माल बिघडत चालला आहे, पोरं घाई करतात, तार ओली असताना ताणतात, अशी त्याची खात्री होती, आणि तो तसं सगळ्यांना सांगतही होता.

तिसरी साडी अठरा ऑगस्टला आली. सोमवार, सकाळी साडेदहा. तारीख त्याला मुद्दाम आठवावी लागत नाही. उत्तरेच्या खिडकीखाली उतरतं टेबल, त्यावर पोपटी साडी पसरलेली, त्याची मान खाली, आणि सांध्याच्या मध्यावर नदीला वळण यावं तसं वळण. तो म्हणाला, "पुन्हा तेच. दुसरा दर्जा." दुसऱ्या दर्जाच्या साडीच्या आतल्या टोकाला जांभळ्या शाईचा शिक्का बसत असे आणि ती विणकराकडे परत जात असे. सहा महिन्यांत तीन शिक्के बसले की सोसायटी त्या मागाला रेशीम देणं थांबवी. त्यागराज कधी वाद घालत नसे. त्या दिवशी त्यानं कमरेच्या पिशवीतून रेशमाचा एक दोरा काढला, दोन्ही हातांच्या अंगठ्यांना गुंडाळला, ताणला आणि सांध्यावर धरला.

"अय्या, बघा. दोऱ्यापासून हा कुठे सुटतो ते बोटानं दाखवा. मग शिक्का मारा."

गुरुराजनं पाहिलं. सांधा दोऱ्यापासून कुठेच सुटत नव्हता. सांधा वाकडा होता आणि दोरा त्याच्या जोडीनं तसाच वाकडा होता, तेवढाच, त्याच जागी. त्यागराजच्या दोन अंगठ्यांमध्ये ताणलेला दोरा मधोमध झोळीसारखा लोंबत होता, आणि अंगठ्यांची टोकं ताणानं पांढरी पडली होती.

ताणलेला दोरा वाकत नाही. हे तिरुभुवनममधल्या सहा वर्षांच्या मुलीलाही माहीत असतं. गुरुराजला ते त्या क्षणी कळलं. हे तो आता, कोब्याकडे बघत, स्वतःला नेमकेपणानं सांगू शकत होता. नंतर कळलं असं नाही, संशय आला असं नाही, कळलं. मग त्यानं स्वतःचा आवाज ऐकला.

"तू दोरा सैल धरलास."

त्यागराजनं हातांकडे पाहिलं. मग गुरुराजच्या तोंडाकडे, फार वेळ. रागानं नव्हे. आपल्या घरात परका माणूस शिरलेला पाहावा तसं. त्यानं दोरा अंगठ्यांवरून सोडवला, त्याची नीट गुंडाळी केली आणि पिशवीत टाकली. "सरी, अय्या," तो म्हणाला, म्हणजे बरं. शिक्का गुरुराजनं स्वतः मारला.

मद्रासच्या डॉक्टरांनी एकोणनव्वदमध्ये त्याला एक चौकडीचं कार्ड दिलं होतं, मध्ये ठिपका. रोज सकाळी डावा डोळा झाकून उजव्यानं ठिपक्याकडे बघायचं. चौकडीची एक जरी रेघ वाकली तर त्याच दिवशी गाडी पकडायची. कार्ड त्यानं कपाटात ठेवलं. दिवसभर आपण आलेखाची चौकडी आणि साड्यांचे सांधे बघतो, आणखी वेगळं काय बघायचं, असं तो तुळसीला म्हणाला होता, आणि तिलाही ते पटलं होतं. कार्डाकडे पाहून रेघ वाकडी दिसली असती तर डोळा बिघडला हे समजलं असतं, कारण छापलेलं कार्ड कुणी वाकडं विणत नाही. पण त्याच्या कामात वाकडी रेघ दिसली की दोष समोरच्याचा, हे एकतीस वर्षांचं वळण होतं. त्याला पगार त्याचाच मिळत होता. शिवाय डाव्या डोळ्याचं सोसायटीत कुणाला माहीत नव्हतं. मद्रासला जाताना त्यानं तिरुपतीची रजा टाकली होती. खरं वाटावं म्हणून डोकंही भादरलं होतं आणि परत आल्यावर सगळ्यांना लाडू वाटले होते. एका डोळ्याचा तपासनीस कोण ठेवील? आणि आता तो एकही.

त्या दिवसानंतर त्यानं एकही साडी परत केली नाही. ऑगस्टच्या अठरानंतर डिसेंबरच्या एकतीसपर्यंत टेबलावर आलेली प्रत्येक साडी त्यानं पसरली, मान खाली घातली, पूर्वी लागत असे तेवढाच वेळ लावला आणि पास केली. काही खरोखर वाईट असतील. कुणी बोललं नाही. निरोपाच्या दिवशी हनुमंतरावनं शाल घातली आणि भाषणात म्हटलं की अय्यांच्या शेवटच्या चार महिन्यांत सोसायटीचा माल निर्दोष झाला. टाळ्या वाजल्या. गुरुराजनं हात जोडले. तोवर त्यागराजचा माग बंद पडला होता. रेशीम थांबल्यावर महिनाभर तो दुसऱ्या सोसायट्यांच्या पायऱ्यांवर बसला. तीन शिक्क्यांची बातमी त्याच्याआधी पोचलेली असे. मग तो कोइमतूरला एका गिरणीच्या फाटकावर राखणदार म्हणून गेला. मागाचा खड्डा मुलानं माती टाकून बुजवला आणि वर सिमेंट करून टीव्ही ठेवला, असं कुणीतरी बसमध्ये बोलताना गुरुराजनं ऐकलं. तो एक थांबा आधी उतरला.

रक्त फेब्रुवारीत आलं. दुपारचं जेवण झालं होतं, तो विड्याच्या पानाला चुना लावत होता, आणि पानाच्या मधोमध करवंदाएवढा काळा डाग दिसला. त्यानं तो पुसला. दुसरं पान घेतलं, त्यावरही होता. पान बाजूला ठेवलं तर डाग तबकावर, तबकावरून भिंतीवर, भिंतीवरून तुळसीच्या तोंडावर. संध्याकाळपर्यंत तुळसीला तोंड नव्हतं.

कुंभकोणमच्या नेत्रालयात डॉक्टर चंद्रमौळी दर शनिवारी चेन्नईहून येत. पहिल्या शनिवारी गर्दी होती, दुसऱ्या शनिवारी डॉक्टर आलेच नाहीत. तिसऱ्या शनिवारी त्यांनी तपासलं. तरुण होते, घाईत नव्हते. पडद्याखाली नव्या, कच्च्या शिरा वाढतात, गळतात, आणि एक दिवस फुटतात. आता पडद्याखाली रक्ताचं थारोळं आहे, ते जितके दिवस राहील तितका वरचा पडदा मरेल. एका औषधानं भागणार नाही. हृदयाचा झटका आला की गुठळी विरघळवायला जे शिरेतून देतात, तेच औषध थेंबाच्याही लहान अंशानं डोळ्यात टोचायचं. रक्त पातळ होईल. मग वायू; तो पातळ रक्त मधून खाली ढकलेल. आणि त्याच वेळी दुसरं औषध, शिरांची सूज आणि गळती आवळणारं. नुसतं रक्त हटवलं तर शिरा पुन्हा फुटतील, नुसत्या शिरा आवळल्या तर साचलेलं रक्त पडदा खाईल. दोन्ही एकत्र देण्याचा अनुभव जगातच थोडा आहे. "मी अकरा डोळ्यांना दिलं. चौघांना फायदा झाला. उरलेल्या सातांत उशिरा आलेले जास्त." मग त्यांनी हृदयाच्या गोळ्यांचं विचारलं. गुरुराज चार वर्षं रक्त पातळ ठेवायची गोळी घेत होता. ती थांबवायला सांगितली. परतताना रिक्षात तो तुळसीला म्हणाला होता, "छातीचा वैद्य म्हणे रक्त पातळ पाहिजे. डोळ्याचा म्हणे गोळी नको, आणि स्वतःच पातळ करायचें औषध टोचणार. मी मनुष्य आहें कीं रसम्?" ती हसली होती. त्याला दिसलं नाही, ऐकू आलं.

पण त्याआधी, तपासणीच्या खोलीत, डॉक्टरांनी पेन हातात घेऊन विचारलं होतं, "सरळ रेघ वाकडी दिसायला कधी लागली? नीट आठवून सांगा. त्यावर किती आशा धरायची ते ठरतं."

तुळसी त्याच्या खुर्चीमागे उभी होती.

"तीन आठवडे," गुरुराज म्हणाला. "एकदम रक्तच आलं. रेघ कधी वाकली नाही."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. तुळसी काही बोलली नाही. तेव्हा त्याला वाटलं, तिला काय माहीत. आता कोब्यावरून ती पावलं पुन्हा जवळ आली, स्टीलचा पेला आणि प्लास्टिकची नळी त्याच्या तोंडाशी आली, काठ पुन्हा दिसला, तिनं वाकताना निऱ्या गुडघ्यांत दाबल्या आणि सांधा एका बाजूला कलला, कललेलाही सरळ. आणि त्याला समजलं की ही साडी घरात आहे म्हणजे सुब्बलक्ष्मी दारात आली होती. त्यागराजच्या बायकोनं शिक्क्याची साडी घेऊन नेमक्या ह्याच दारात यावं, ह्यात लाचारी नव्हती. ती दाखवायला आली होती. तुळसीनं ती ओसरीवर पसरली असेल. तुळसी लहानपणापासून रांगोळीचे ठिपके जोडत आलेली. तिला सरळ काय ते कळतं. तिनं सांधा पाहिला असेल, शिक्का पाहिला असेल, आणि मग ओसरीत बसून तो संध्याकाळी सायकलवरून येईपर्यंत तिनं काय विचार केला असेल, ते गुरुराजला त्या सात दिवसांत हळूहळू, मानेच्या दुखण्याबरोबर कळत गेलं. ती तेव्हाच बोलली असती तर. तो तेव्हाच बोलला असता तर. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. तेव्हा रक्त नव्हतं. आणि आज तिनं ती साडी नेसली, कारण जुनी खरंच फाटली होती आणि तिची खात्री होती की आता ह्यांना काहीही दिसत नाही.

त्यानं नळीतून कॉफी ओढली. डाव्या डोळ्यातून पाणी सरळ खाली, कोब्यावर पडलं. पालथ्या माणसाचं पाणी गालावरून जात नाही.

"डोळा झोंबतो कां?" तिनं विचारलं.

"डावा. तो कांहीं नव्हे."

शनिवारी पत्र्याची वाटी निघाली. डॉक्टरांनी बराच वेळ आत पाहिलं, दिवा बदलून पाहिलं. रक्त हटलं होतं. औषधांनी आणि वायूनं आपलं काम केलं होतं. थारोळं मधून सरकून खाली गेलं होतं. पण त्याखालून जे उघडं पडलं तो पांढरा, जुना वण होता. डॉक्टर खुर्चीत मागे टेकले.

"सार, हा वण तीन आठवड्यांचा नाही," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. "माझ्या वहीत हा बारावा डोळा. पुढच्या माणसाला मी काय सांगायचं ते ह्या वहीवरून ठरवतो. म्हणून विचारतो."

गुरुराजनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. समोर उजव्या डोळ्याला डॉक्टर नव्हते, डाव्याला त्यांचा खांदा होता.

"जूनपासून रेघ वाकत होती. मला कळलं ते अठरा ऑगस्टला," तो म्हणाला. "सोमवार. सकाळी साडेदहा."

पेनचा आवाज झाला. मग मागून तुळसी तमिळमध्ये म्हणाली, "आणि मला सप्टेंबरच्या दहाला कळलं. तेही लिहा."

पेन थांबलं. ते लिहिलं गेलं की नाही, गुरुराजला कळलं नाही.

घरी आल्यावर तो बाकावर बसला. सात दिवसांनी असं सलग ताठ बसणं विचित्र वाटत होतं. मान आपोआप खाली जात होती. माघ उलटून गेला होता, अंगणात ऊन तापलं होतं. तो म्हणाला, "तें लुगडें आण." तिनं कोणतं असं विचारलं नाही. दांडीवरून काढून आणलं.

"एक टोक धर. आतलें."

ती दाराशी गेली आणि दोघांमध्ये साडी आडवी झाली. घडी घालताना रोज व्हायची तशी. त्यानं पदराकडचं टोक डाव्या हाताच्या मुठीत धरलं, उजव्या अंगठ्याचं नख सांध्याच्या खाचेत टेकवलं आणि चालू लागला. नख दात्यांवरून टकटक करत पुढे गेलं. दोन विणकरांचे हात एकमेकांना जिथे भेटले होते त्या जागा नखाखालून एकेक करून जात होत्या, गाठ नाही, भोक नाही. पार केलेली साडी त्याच्या मनगटावर जमत होती. दोन वार. तीन. तो थांबला.

"मज कां नाहीं सांगितलें?"

तुळसीला उत्तर तयार करावं लागलं नाही. ते सहा महिने तयार होतं.

"चार मास राहिले होते. तुम्ही रोज सकाळीं सायकल पुसून, गंध लावून निघत होतां. वाटेंत दोघे-तिघे हात जोडीत. त्या माणसास मी काय सांगूं? म्हटलें, डिसेंबर होऊं दे. मग सांगूं, मग मद्रासेस जाऊं. चार मासांत काय होतें, म्हटलें." तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "सुब्बलक्ष्मी म्हणाली, अक्का, तुमच्या घरच्यांस डॉक्टरास दाखवा. तिनें म्हटलें. रागानें नव्हे. आणि मी तिला म्हटलें, ह्यांचा डोळा बरा आहे, तुमचाच हात बसला नाहीं."

डाव्या डोळ्यातल्या भोकात ती उभी होती. त्यानं मान जरा वळवली. भोक दारावर गेलं आणि कडेला तिचे हात दिसले. शिक्का तिच्या अंगठ्याखाली होता. अंगठ्याचं टोक पांढरं पडलं होतं.

"सैल धरलेंस कां?" त्यानं विचारलं.

"नाहीं," ती म्हणाली. "ताणूनच धरलें आहे."

त्यानं नख पुन्हा खाचेत टेकवलं आणि उरलेले तीन वार चालून तिच्या हातांपर्यंत गेला.